कडीबाहेरचे कांदे

धनत्रयोदशीच्या सकाळी मी आमच्या रोपवाफ्यात उकिडवी बसून कांद्याची रोपं मोजत होते. सुतळीने हातभर लांब, हातभर रुंद असे चार चौकोन आखून घेतले होते. चारही मिळून एक हजार सोळा रोपं भरली. त्यांतली तेहतीस पांढरी होती.

पिवळी नव्हे, पांढरी. सोललेल्या लसणासारखी. त्यांच्या आजूबाजूची रोपं हिरव्या सुईसारखी ताठ उभी होती. तीच ओल, तेच खत, तेच ऊन. ही तेहतीस मात्र आठवडाभरात मरणार होती, कारण स्वतःचं अन्न करायची सोयच त्यांच्याकडे नव्हती. बियाने बरोबर दिलेली शिदोरी संपेपर्यंतच अशी रोपं जगतात.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाठीला पंप लावून बांधावर उभे होते. त्यांच्या मते जमिनीत लोह कमी पडलं होतं. तीन दिवसांपूर्वी त्यांनी एक फवारणी केली होती, आज दुसरी करणार होते. मी म्हटलं, लोह कमी पडलं असतं तर एका पट्ट्यातली सगळी रोपं पिवळी पडली असती, अशी मधूनच एखादी पांढरी झाली नसती. ते पंपाचा दांडा मारायला लागले.

निफाडच्या पुढे आमचं गाव. तिथे आणि आसपासच्या दहा-बारा गावांत अण्णांना उळंवाले नाथाभाऊ म्हणतात. उळं म्हणजे कांद्याचं बी. दुकानातलं पाकीट न घेता लोक आमच्या ओसरीवर येऊन उळं घेऊन जातात, कारण त्याचा कांदा साठवणीच्या चाळीत दिवाळीपर्यंत टिकतो आणि सगळा एका मापाचा निघतो. ओसरीच्या भिंतीवर एक फोटो आहे. अठरा वर्षांपूर्वी तालुक्याच्या प्रदर्शनात पहिल्या आलेल्या परातीचा. परातीत एकवीस कांदे, परातीमागे अण्णा, अण्णांच्या खांद्यावर पाच वर्षांची मी. अण्णा सांगतात की परीक्षकांनी त्यातले दोन कांदे उचलून हातात फिरवले, आणि परत ठेवताना कुठला कुठे होता ते त्यांनाच सांगता येईना.

ते एकवीस कांदे त्यांनी विकले नाहीत की खाल्ले नाहीत. मळ्याच्या कोपऱ्यात वेगळा वाफा करून लावले. त्यांना फुलांचे गोंडे आले, गोंड्यांत बी आलं. त्या बियाचे कांदे केले, आणि त्या कांद्यांचं उळं लोकांना दिलं. तेव्हापासून एक वर्षाआड हेच चाललं आहे: चाळीतल्या चाळीस क्विंटल कांद्यांतून एकवीस निवडायचे आणि तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मूळ वाफ्यात लावायचे. दहा-बारा गावांच्या कांद्याचं मूळ त्या एका वाफ्यात आहे.

निवडायला एक लोखंडी कडी आहे, आजोबांच्या बैलाच्या दाव्याची. कांदा त्या कडीत अलगद बसायला हवा, अर्धा वर, अर्धा खाली. निसटून पडला तर गेला, आत शिरला नाही तरी गेला. मग रंग, मग देठाकडची मान. यंदाचे एकवीस कांदे निवडून देव्हाऱ्यापुढे सुपात ठेवलेलेही होते.

दुपारी केरूकाका आले. पंधरा वर्षं ते आमचंच उळं नेतात. ओसरीवर बसून ते आधी पाणी प्यायले, चहा नको म्हणाले, मग फोटोकडे बघत म्हणाले, "नाथाभाऊ, यंदा उळ्यात लसूण मिसळून दिलाय का?"

अण्णा हसले नाहीत. केरूकाकांच्या वाफ्यातही पांढरी रोपं निघाली होती. त्यांच्या मेहुण्याच्या वाफ्यातही. त्यांची जमीन नदीकाठची काळी, मेहुण्याची मुरमाड. दोन्हीकडे लोह कमी पडलं असेल असं अण्णांनाही म्हणता आलं नाही. जाताना केरूकाका आवाज उतरवून बोलले की त्यांचं काही नाही, शंभरातली तीन रोपं गेली तर गेली. पण पारावर लोक बोलायला लागले आहेत, आणि कांदाही दोन-तीन वर्षं जरा बारीकच येतोय. पुढच्या वर्षी कुणी पाकीट आणलं तर वाईट वाटून घेऊ नका.

अण्णांनी त्या दिवशी दुसरी फवारणी अर्ध्यावर सोडली.

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि नाशिकच्या एका कॉलेजात कांद्याच्या प्रकल्पावर काम करते. काम सांगायला सोपं आहे. वेगवेगळ्या गावांतल्या घरच्या कांद्यांची पाती आणायची, त्यांतून डीएनए काढायचा, सोळा ठरावीक जागा तपासायच्या आणि प्रत्येक जागी किती प्रकार सापडतात ते मोजायचं. एकाच गावच्या कांद्यात प्रकार जितके जास्त, तितकी त्याच्या आतली विविधता जास्त. आणि दोन गावांचे प्रकार जितके वेगळे, तितके ते दोन कांदे एकमेकांपासून लांब. आठ गावं ठरली होती, आमचं त्यात होतं. नववा नमुना मी आपला हौसेने घातला होता, गेल्या दिवाळीत इगतपुरीला सगुणाआत्याच्या परसातून खुडून आणलेली पाती.

निकाल जूनमध्ये आला होता. सोळापैकी अकरा जागी आमच्या कांद्यात एकेकच प्रकार होता. इतका सारखा कांदा नऊ नमुन्यांत दुसरा नव्हता. आत्याच्या परसात अशी एकच जागा होती. बाकी पंधरा जागी दोन, तीन, एका ठिकाणी तर पाच प्रकार. आणि आमच्या कांद्यात जे जे सापडलं ते सगळं आत्याकडे होतं. आत्याकडचं निम्मंसुद्धा आमच्याकडे नव्हतं.

तो कागद पाच महिने माझ्या बॅगेत होता. अण्णांपुढे तो काढायचा मला धीर होत नव्हता. पांढरी रोपं निघाली नसती तर मी तो आणखी वर्षभर काढला नसता, हे लिहून टाकलेलं बरं.

त्या संध्याकाळी काढला. अण्णांना मी द्राक्षापासून सांगायला सुरुवात केली, कारण द्राक्ष त्यांना कळतं. द्राक्षाची काडी लावली की तीच वेल पुन्हा उभी राहते, आई-बाप असा प्रश्नच नसतो. कांदा तसा नाही. त्याच्या गोंड्यावर माशी बसते, एकाचा पराग दुसऱ्यावर नेते, म्हणजे प्रत्येक बियाला दोन पालक. पांढरेपणाची खोट एकाच पालकाकडून आली तर रोप हिरवंच राहतं आणि खोट आत लपून राहते. दोन्हीकडून आली तरच रोप पांढरं होतं. पालक पुष्कळ आणि वेगवेगळे असले तर अशी गाठ क्वचित पडते. पण पालक एकवीसच, आणि तेही आधीच्या एकविसांच्या पोटचे, असं नऊ पिढ्या चाललं की सगळे एकमेकांचे भाऊबंद होतात. खोट खोटीला भेटत राहते. कांदा बारीक होणं हेही त्यातलंच.

"म्हणजे माझ्या कांद्यात खोट हाय."

"खोट प्रत्येक कांद्यात असते, अण्णा. आपण फक्त तिला लपायला जागा ठेवली नाही."

"मी खराब ते काढलं. अठरा वर्षं निवडून निवडून चांगलं ठेवलं, आन् तू म्हणती निवडलं म्हणून बिघडलं."

ते खरंच होतं आणि ते असं ऐकायला अन्यायाचं वाटत होतं. स्वयंपाकघराच्या दारात आई तांदूळ निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली की मामंजी दोन गोण्या लावायचे. दोन्ही तिनेच डोक्यावरून मळ्यात नेलेल्या आहेत, तिला वजन आठवतं. कडी त्यांचीही हीच, पण ते फक्त निसटून पडणारी गोल्टी, म्हणजे अगदी बारीक कांदे, बाजूला काढायचे. बाकी लाल, फिका, चपटा, उभट, सगळं गोणीत.

"ते आडमाप काम होतं," अण्णा म्हणाले.

"होतं," आई म्हणाली. "पण पांढरं रोप मी त्यांच्या वेळेला पाहिलं नाय."

अण्णा उठून चाळीकडे गेले. खूप वेळाने आले ते जेवायलाच. जेवताना त्यांनी फक्त एक विचारलं, की आक्काकडे, म्हणजे सगुणाआत्याकडे, हा इतक्या प्रकारांचा कांदा आला कुठून. मी म्हटलं, वानवळ्यातून.

घरात नवं पीक आलं की त्यातलं थोडं लेकीबाळींना, सोयऱ्यांना पाठवायचं, तो वानवळा. आजोबा असताना सगुणाआत्याला दरवर्षी कांद्याची गोणी जायची. ते गेल्यावर अण्णांनीही रीत मोडली नाही; भाऊबीजेला जाताना ते स्वतः गोणी घेऊन जातात. आत्याने ते कांदे नुसते खाल्ले नव्हते. दिवाळीनंतर जे कोंब धरायचे ते ती परसात कुंपणाच्या कडेने लावायची. आणि इगतपुरीकडे सगळा भात; दोन कोसांत दुसऱ्या कांद्याचं बी कुणी धरत नाही, म्हणून बाहेरचा पराग तिथे येतच नव्हता. अण्णा तिला दरवर्षी चिडवायचे, भाताच्या गावात कांदा लावणारी तू पहिलीच. ती म्हणायची, लावते तर लावते, तुझं काय जातं.

भाऊबीजेला आम्ही दोघं निफाडहून गाडीने निघालो. गोणी बरोबर होती. नाशिक रोड गेल्यावर अण्णा म्हणाले की वानवळा दिलेल्या घरी तोच परत मागायला जाणारा मीच पहिला असेन. देवळाली आली. मग म्हणाले, "तुझा तो कागद तूच सांग आक्काला." मी म्हटलं, कागद मी सांगते, मागायचं तुम्ही. त्यावर ते नाही म्हणाले नाहीत.

आत्याचे यजमान रेल्वेत होते. नोकरीत असतानाच, चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी, त्यांनी स्टेशनपासून जरा लांब वस्तीत घर बांधलं. तिथे अडतीस घरं आहेत, काही रेल्वेची, काही भातवाल्यांची, प्रत्येकाला मागे थोडं परस. आत्या सत्तरीला आली आहे, पण पाटावर भावाला बसवून ओवाळताना तिचा हात अजून स्थिर असतो. अण्णांनी तबकात साडी ठेवली. एरवी ते लगेच उठतात आणि पोह्यांकडे वळतात. त्या दिवशी पाटावरच बसून राहिले.

"आक्का, मला काहीतरी मागायचंय."

"ओवाळणीत बहीण मागती," आत्या म्हणाली. "तुला काय कमी पडलं?"

अण्णांनी सांगितलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. खोट लपते आणि भेटते हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं, केरूकाकांचा लसूणही सांगितला. शेवटी म्हणाले की तुझ्या परसातले कांदे मूळ वाफ्यात लावायला हवेत, देशील का.

आत्याने तबक खाली ठेवलं. दारापाशी आम्ही आणलेली गोणी होती, तिचं तोंड सोडून एक कांदा काढला. मोठा, चपटा, गडद लाल. "कडी आणलीस?" तिने विचारलं.

कडी अण्णांच्या खिशात होती. त्यांनाही ती का आणली ते सांगता आलं नसतं. आत्याने ती घेतली, कांदा तिच्यावर ठेवला. शिरेना. दुसरा काढला, तो उभट, निसटून खाली पडला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला. तिसरा पुन्हा शिरेना.

"आबा गेले त्या सालापासून तू मला कडीबाहेरचे कांदे आणतोस," ती म्हणाली. "मला काय कळत नव्हतं?"

अण्णांनी मान खाली घातली. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. खाली बघतच म्हणाले, "मग बोलली का नाय कधी?"

"कांद्यात काय वाईट नव्हतं. तुझी कडीच लहान."

मग तीच हसली, आणि पोहे आणायला उठली. पोहे खाताना मला माझ्या कागदाचा अर्थ पहिल्यांदा पुरता कळला. आजोबांच्या गोण्यांतून आलेलं ते आत्याकडे होतंच. शिवाय अण्णांनी अठरा वर्षं मूळ वाफ्यातून जे जे बाहेर काढलं, तेही त्यांनी दर दिवाळीला स्वतःच्या हाताने इथे आणून पोचवलं होतं. आजोबांचा कांदा आमच्या चाळीत नव्हता. तो इथे, भाताच्या गावात, कुंपणाच्या कडेला होता.

आणि एकट्या आत्याच्या कुंपणाला नव्हता. मी तिला विचारलं की एवढ्याशा जागेत पाच पाच प्रकार टिकले कसे, थोड्या झाडांतून ते पाचदहा पिढ्यांत गळून जायला हवे होते. ती म्हणाली, थोडी कुठली झाडं? कोंब आलेले कांदे तिने सुरुवातीपासून शेजारणींना वाटले होते. आता वस्तीतल्या बहुतेक परसांत पाचसहा कांदे बियाला ठेवलेले असतात. प्रत्येकीची आवड वेगळी, ठेवायची रीत वेगळी. मधमाश्यांना मात्र कुंपण नाही. त्या सगळ्या परसांचा मिळून एकच वाफा करतात.

परडी आत्याने काढून दिली, पण धरायला अण्णांच्या हातात. "मी मागणार नाय तुझ्यासाठी," ती म्हणाली. "प्रत्येक दारात तूच माग."

पहिल्याच दारात बायका हसल्या. निफाडचा कांदेवाला इगतपुरीत कांदे मागत फिरतो, ही बातमी आमच्या पुढे पुढे चालत होती. एकीने विचारलं, मामा, तुमच्याकडे बाजार बंद हाय का. अण्णा म्हणाले, बाजार चालू हाय, अक्कल बंद पडली होती. त्यानंतर त्यांना जड गेलं नाही.

मी वहीत घर, संख्या, रंग, मानेची जाडी लिहीत होते. अमिनाचाचींच्या घरी कांद्यांच्या वेण्या चुलीच्या वर टांगलेल्या. इथल्या पावसात जाड मानेचा कांदा श्रावणातच सडतो, म्हणून जो दिवाळीपर्यंत वेणीत टिकला तोच त्या लावतात. अण्णांनी दोन मागितले तर त्यांनी पाच दिले, म्हणाल्या, पाहुण्याला दोन देऊन दारातून पाठवत नाहीत. अण्णांनी सवयीने कडी बाहेर काढली होती. आत्याने नुसतं बघितलं. कडी पुन्हा खिशात गेली, ती मग निघाली नाही.

कुसाबाईंचं घर शेवटून तिसरं. त्या आत्याहूनही मोठ्या, कानाने जरा कमी. त्यांना मी ओरडून विचारलं की बियाला कांदा कसा निवडता. त्यांनी विळी पुढे ओढली, एका कांद्याची शेंड्याकडची चकती कापली आणि वास घेतला. "रडवत नाय तो खायचा," त्या म्हणाल्या. "रडवतो तो लावायचा."

मी ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. तिखट कांदा जास्त टिकतो हे मी एका शोधनिबंधात वाचलं होतं, तक्त्यांसकट. कुसाबाईंनी तक्त्यांशिवाय चाळीस वर्षं तेच केलं होतं. त्यांचे तीन कांदे, त्यातला एक चकती गेलेला, मी वेगळ्या कागदात बांधले.

सात घरांना कुलूप होतं. एकतीस घरांतून चौऱ्याण्णव कांदे जमले.

घरी आल्यावर अण्णांनी ते ओसरीवर पसरले आणि शेजारी सुपातले एकवीस ठेवले. फोटोच्या बरोबर खाली. चौऱ्याण्णवातले दोन एकमेकांसारखे नव्हते आणि बहुतेक लिंबापेक्षा थोडेच मोठे होते.

"हा मोठा होईल का?"

मी खोटं बोलू शकत नव्हते. म्हटलं, परसात सावली आहे, खत नाही, म्हणून लहान राहिला असावा. बी वाईट आहे असं नाही. पण मोठा होईलच असं मला माहीत नाही. वाढवून बघावं लागेल.

"आन् टिकंल?"

टिकेल, हे मी जरा जास्त खात्रीने म्हणू शकले.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी एकशे पंधराही कांदे लावले. एका ओळीत घरचा एक, मग इगतपुरीचे चार, कुठे पाच, पुन्हा घरचा एक, माशीला निवड करता येऊ नये म्हणून. वाफा कोपऱ्यात मावेना म्हणून मेथीची जागा घेतली. मग पायात चपला घालून ते पारावर गेले आणि जमलेल्यांना सांगून आले की पांढरी रोपं जमिनीमुळे नाहीत, उळ्यामुळे आहेत, आणि चूक त्यांची आहे. हे मला केरूकाकांकडून कळलं. ते असंही म्हणाले की नाथाभाऊ सांगत होता, पण आवाज असा की जणू बक्षीस जाहीर करतोय.

फेब्रुवारीत गोंडे फुलले. एप्रिलमध्ये उळं हाती आलं, दोन किलोला थोडं कमी. एवढ्यात सगळ्या गावांचं भागणार नव्हतं. ऑक्टोबरात लोक आले तेव्हा अण्णांनी जुनं उळं कुणाला दिलं नाही. नव्यातलं एकेक मूठ दिलं आणि सांगितलं की हे लावून बघा, बाकीला यंदा पाकीट आणा. स्वतःच्या ओसरीवर पाकिटाचं नाव घेताना त्यांना काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही.

त्या दिवाळीत मी पुन्हा सुतळी घेऊन वाफ्यात बसले. येण्याआधी नाशिकला एका कागदावर हिशेब करून आले होते: घरची खोट पाचातल्या एकाच वाट्यात, बाकी चार वाटे स्वच्छ धरले तर हजारात एखादं-दुसरं रोप पांढरं निघायला हवं. कागद अण्णांना दाखवला नव्हता. चार चौकोनांत एक हजार दोनशे चार रोपं भरली. पांढरं एक.

अण्णा बांधावर उभे होते, या वेळी पंपाशिवाय. मी एक बोट वर केलं. ते वाकून आत आले, त्या एका रोपाकडे बराच वेळ बघत बसले. मग मला म्हणाले, "तुझ्या कागदावर किती होतं?"

कागदाचं त्यांना आईने सांगितलं असणार. मी म्हटलं, एक किंवा दोन.

"बरोबर मोजती पोरगी," ते म्हणाले. मला नव्हे, बांधापलीकडे उभ्या केरूकाकांना.

पुढच्या एप्रिलमध्ये कांदा निघाला. तो मोठा झाला होता. सगळा नाही, पण जितका झाला त्याचं वजन गेल्या पाच वर्षांतल्या कुठल्याही कांद्याहून जास्त भरलं. चाळीत मात्र तो जत्रेसारखा दिसत होता: लाल, गडद, फिका, चपटा, गोल. केरूकाकांनी दोन-चार हातात घेऊन पाहिले आणि विचारलं, "नाथाभाऊ, कडी हरवली का?"

"हाय ना." अण्णांनी बोट दाखवलं. आई अंगणात फडक्यावर धणे वाळवत होती. वाऱ्याने फडकं उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर कडी ठेवलेली होती.

"मग हे असं येगयेगळं?"

"ह्या समद्या माझ्या बहिणीच्या शेजारणी हायेत," अण्णा म्हणाले. "एकसारख्या कशा दिसतील?"

आता ओसरीवर उळं मागायला येणारा माणूस सगुणाबाईचं उळं मागतो. हे नाव अण्णांनीच पाडलं. नव्या माणसाला ते फोटोतली परात दाखवतात आणि हीच आपली चूक असं सांगतात, आणि मग इतकं सविस्तर सांगत बसतात की एकदोघं बी न घेताच बस पकडायला पळाले आहेत.

गेल्या भाऊबीजेला आम्ही इगतपुरीला छोटा टेम्पो करून गेलो. एकतीस पिशव्या होत्या. नंतर अण्णांना कुलूप लावलेली सात घरं आठवली, तेव्हा अडतीस केल्या. कांदे त्यांनी चाळीतून डोळे मिटून भरले होते, असं ते म्हणतात. मी पाहिलं, उघडेच होते, पण हात जाईल तिथून उचलत होते. ओवाळून झाल्यावर आत्याने पिशवी उघडली, आतले कांदे पाटावर ओतले, आणि त्यातला सगळ्यात चपटा उचलून पदराला पुसला. मग ती पुढे आणि आम्ही मागे, असे निघालो.

कुसाबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. अण्णांनी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली आणि बाजूला झाले नाहीत. प्रदर्शनात परातीमागे उभे राहिले होते तसे उभे राहिले. कुसाबाईंनी एक कांदा काढला, उलटसुलट केला, विळी जवळ ओढली आणि शेंड्याची चकती कापली. नाकाशी नेली. त्यांचे डोळे भरून आले, पाणी गालावर उतरलं. त्यांनी ते मनगटाने पुसलं आणि उरलेला कांदा पिशवीत न टाकता आपल्या मागच्या कोनाड्यात ठेवला.

"हा लावायचा," त्या म्हणाल्या.